नोव्हेंबरचं लेकरू आणि जूनची पहिली: वर्ष खरंच वाया जातं का?

पत्र (थोडं आटोपशीर करून, नाव-गाव काढून):

“ताई नमस्कार. आमचा मुलगा २२ नोव्हेंबर २०२० चा, सध्या सिनिअर केजीत आहे. शाळेच्या ग्रुपवर मेसेज आलाय की ३१ डिसेंबरच्या नियमात बसणाऱ्या सगळ्यांनी महिनाअखेर पहिलीचे फॉर्म भरा. मला मनातून वाटतंय की तो अजून लहान आहे. बोलायला चुणचुणीत, गोष्टी कितीही वेळ ऐकेल, पण लिहायला बसवलं की दहा मिनिटांत रडकुंडीला येतो, पेन्सिल टाकून देतो. टीचर म्हणतात लक्ष नसतं. शाळेतून आला की जेवता जेवता झोपतो. एक वर्ष थांबू म्हटलं तर घरात वादळ. सासूबाई म्हणतात पोराचं वर्ष फुकट घालवणार का, जाऊबाईंची मुलगी ऑक्टोबरची, ती पुढे जाणार आणि हा मागे, मग जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. मिस्टर म्हणतात नियमात बसतोय ना, मग प्रश्नच कुठे आहे. मी उगाच काळजी करतेय का?”

तू माझ्या मुलीच्या वयाची असणार म्हणून सरळ एकेरीत लिहिते. उगाच काळजी नाही करत आहेस तू. महिनाअखेर जवळ आलीये म्हणून उत्तर आधीच सांगून टाकते: तू जे लिहिलंयस त्यावरून, मी तुझ्या जागी असते तर या जूनमध्ये त्याला पहिलीत घातलं नसतं, पुढच्या जूनला घातलं असतं. का ते सांगते, आणि कुठल्या घराला मी नेमकं उलटं सांगितलं असतं तेही सांगते, कारण सगळ्यांनी सरसकट थांबा असं माझं म्हणणं नाहीये.

आधी ती ३१ डिसेंबरची भानगड, कारण तुझ्या मिस्टरांचा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने जीआर काढला आणि वय मोजायची तारीख, सरकारी भाषेत मानीव दिनांक, ३१ डिसेंबर केली. नर्सरीला ३ पूर्ण, पहिलीला ६ पूर्ण, पण ते ६ जूनमध्येच पूर्ण पाहिजेत असं नाही, डिसेंबरच्या शेवटच्या दिवसापर्यंत झाले तरी चालतात. आता हे किमान वय आहे. याहून लहान मूल घेऊ नका एवढंच ते शाळेला सांगतंय, नियमात बसलं की मूल धाडलंच पाहिजे असं आईबापांना कुठेही सांगत नाहीये. शिक्षणहक्क कायदा, म्हणजे आरटीई, पण ६ ते १४ वयाचा आहे आणि १५ जूनला तुझा मुलगा साडेपाच वर्षं आणि वर तीन आठवडे एवढाच असेल. आणि खासगी शाळांत गरीब घरातल्या मुलांसाठी राखीव असलेल्या आरटीईच्या २५ टक्के जागांचं वेळापत्रक बघ, तिथे पहिलीसाठी कमीत कमी ६ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं ५ महिने ३० दिवस अशी चौकट असते, तीही ३१ डिसेंबरलाच मोजतात. हिशोब करून बघ, १ जुलै ते ३१ डिसेंबरमध्ये जन्मलेलं प्रत्येक मूल लागोपाठ दोन वर्षं या चौकटीत बसतं. म्हणजे वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्यांना निवड आहे हे सरकारी कागदातच धरलेलं आहे, फक्त ते आईबापांना कोणी नीट सांगत नाही आणि शाळेचा मेसेज असा येतो की जणू ट्रेन सुटतेय.

अजून एक गोष्ट मिस्टरांना दाखव. केंद्रीय विद्यालयात २०२२-२३ पासून पहिलीला ६ पूर्ण लागतात आणि तेही ३१ मार्चला. त्यावर पालक दिल्ली हायकोर्टात गेले होते, सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि नियम कायम राहिला. मग तुझा मुलगा उद्या केव्हीत घालायचा म्हटलं तर त्याला २०२७ चाच प्रवेश मिळेल, त्याआधी दारात उभं पण करणार नाहीत. तेच पोर, तेच शहर, एका शाळेच्या लेखी वेळेवर आणि दुसऱ्या शाळेच्या लेखी एक वर्ष आधी, मग यात “मागे राहिला” कुठून आलं?

आता वर्गाच्या आतलं सांगते, कारण मी २६ वर्षं पहिली-दुसरीच शिकवली. रिटायर होण्याआधीच्या शेवटच्या दोन वर्षांत माझ्याकडे ही नोव्हेंबर-डिसेंबरवाली मुलं जास्त यायला लागली. सुरुवातीला मला कळेना की वर्ग असा दोन तुकड्यांत का फाटल्यासारखा वाटतोय. मग एका दुपारी हजेरीपट घेऊन बसले आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने जन्ममहिना लिहिला. ज्यांच्याबद्दल मी सहकारी बाईंना “हा हळू आहे”, “हिचं लक्ष नसतं”, “हा फार चुळबुळ करतो” असं म्हटलं होतं त्यांतली बहुतेक नावं एकाच टोकाची निघाली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण तोवर चार-पाच आयांना मी वहीत शेरा लिहून पाठवला होता, ‘अभ्यासात लक्ष द्यावे’ म्हणून.

वर्गात शेजारी शेजारी बसलेल्या दोन मुलांमध्ये बारा-चौदा महिन्यांचा फरक असू शकतो, कधी सतरा महिन्यांचा पण. मोठ्या माणसांत वर्षाचा फरक दिसत पण नाही, पण साडेपाच वर्षांच्या पोराला एक वर्ष म्हणजे त्याच्या आख्ख्या आयुष्याचा पाचवा-सहावा हिस्सा झाला. आणि तो फरक सगळ्यात आधी हातात दिसतो. मनगटात आठ बारकी हाडं असतात, जन्मतः ती सगळी कूर्चेची, मग एकेक करून पक्की होत जातात, शेवटचं तर आठ ते बारा वर्षांच्या मध्ये कधीतरी. ज्या हाताला अजून तीन बोटांत पेन्सिल धरवत नाही तो हात मुठीत पेन्सिल धरतो, मग खांद्यातून जोर लावतो, चाररेघी वहीचा कागद फाटेस्तोवर दाबतो, आणि ओळीतला तिसरा ‘अ’ होईपर्यंत दंड दुखायला लागतो. त्याला ‘दुखतंय’ हे सांगता येत नाही, तो पेन्सिल टाकून देतो. तुझ्या मुलाचं मला हेच वाटतंय. गोष्ट कितीही वेळ ऐकतो म्हणतेस ना, मग लक्ष नाही असं कसं म्हणायचं, लक्ष आहे, हात अजून तयार नाहीये.

माझ्या स्वतःच्या मुलीचं पण सांगते. ती २७ डिसेंबरची. तेव्हा तारखांचं इतकं कडक नव्हतं, शेजारची मैत्रीण पहिलीत जाते म्हणून मीच आग्रह करून तिला घातलं, स्वतः शिक्षिका असून. अभ्यासाचं काही अडलं नाही, मार्क पण ठीक असायचे. पण दिवाळीपर्यंत रोज तिचा स्टीलचा डबा होता तसा परत यायचा. मला वाटायचं भाजी आवडत नाही, मी भाज्या बदलत राहिले. एक दिवस अचानक मधल्या सुट्टीत गेले तर ती दोन्ही गुडघ्यांत डबा धरून झाकण ओढतेय, बोटं लाल झालेली, उघडत नाहीये, आणि आजूबाजूच्या मुली खाऊन खेळायला गेल्यासुद्धा. बाईंना सांगायचं धाडस नाही. माझी चिमुरडी चार महिने उपाशी राहून घरी येत होती गं. आज ती नोकरी करतेय, छान आहे सगळं, लहान वयात शाळेत गेली म्हणून काही आयुष्य बिघडलं नाही तिचं, ते मी खोटं सांगणार नाही. पण ते चार महिने टाळता आले असते आणि ते माझ्या हातात होतं.

बाहेरचा एक अभ्यास सांगते कारण तो आपल्याला नेमका लागू पडतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पण शाळाप्रवेशाची तारीख ३१ डिसेंबरच आहे, आपल्यासारखी. तिथल्या ९ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये एक अभ्यास छापून आला. एकाच वर्षी जन्मलेल्या, म्हणजे एकाच इयत्तेतल्या मुलांत, डिसेंबरच्या मुलग्यांना एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अति चुळबुळीच्या विकाराचं, निदान होण्याचं प्रमाण जानेवारीच्या मुलग्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त आणि मुलींमध्ये ७० टक्क्यांनी जास्त निघालं. औषधं सुरू होण्याचं तर त्याहून जास्त. आता डिसेंबरमध्ये जन्मलेल्या पोरांचा मेंदू काही वेगळा नसतो, ती फक्त वर्गात सगळ्यात लहान असतात, आणि लहानपणाला आजाराचं नाव मिळून जातं. म्हणून टीचरचं “लक्ष नसतं” हे वाक्य ऐकलं की त्याच्या पुढे मनातल्या मनात त्याचं वय लाव.

आपल्याकडचे जुने गुरुजी यात फार शहाणे होते असं मला वाटतं. जन्मदाखले नव्हते त्या काळात पोराला म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. धरता आला की नाव दाखल, नाही आला तर पुढच्या वर्षी ये, आणि दाखल्यावर १ जून तारीख टाकून मोकळे. म्हणून तर गावोगाव एका पिढीच्या सगळ्यांचे वाढदिवस १ जूनला. लहानपणी डोकं मोठं आणि हात आखूड असतात, साधारण सहा-साडेसहाच्या आसपास हात लांबून कानाला पोचतो, म्हणजे ती परीक्षा अगदीच अंदाजपंचे नव्हती. तारीख खोटी असायची पण पोर बघितलं जायचं. आता तारीख पक्की असते आणि पोराकडे कोणी बघत नाही. तुझ्या सासूबाईंना विचार, त्यांच्या माहेरी-सासरी कोणाचे ना कोणाचे वडील कान पोचला नाही म्हणून वर्षभर घरी राहिलेले असतीलच आणि त्यांचं वर्ष वाया गेलं असं कोणी कधी म्हटलं नसेल.

आता उलट बाजू, आणि ही नीट वाच.

थांबणं म्हणजे औषध नाही. पेन्सिल टाकणं आणि जेवता जेवता झोपणं यामागे दुसरं काही असू शकतं, म्हणून या आठवड्यात त्याचे डोळे आणि कान तपासून घे, बालरोगतज्ज्ञांना सांगून हिमोग्लोबिन पण बघ. बोलणं उशिरा आलेलं, डोळ्याला डोळा न देणारं, सूचना न कळणारं मूल असतं तर मी थांब असं कधीच म्हटलं नसतं, “मोठा झाला की होईल नीट” म्हणत घालवलेलं वर्ष अशा मुलांचं खरंच वाया जातं, त्यांना तपासणी आणि मदत लगेच लागते, मग ते कुठल्याही इयत्तेत असोत.

आणि ज्या घरात आईबाप दोघं सकाळी कामावर जातात, केजीची फी परवडत नाही, पोराला सांभाळायला मोठी बहीण शाळा बुडवते, त्या घराला पण मी थांबा म्हणणार नाही. तिथे पहिली म्हणजे फुकट शाळा, दुपारचं गरम जेवण आणि सुरक्षित जागा. तिथे पोर घरी ठेवलं तर वर्षभर ते टीव्हीसमोर किंवा गल्लीत. म्हणून माझं मत असं आहे की उशिरा सुरुवात करायची मुभा सगळ्यांना पाहिजे, पण त्या वर्षात मूल जाईल कुठे याची सोय पण पाहिजे, अंगणवाडी, पालिकेची बालवाडी, काहीतरी, नाहीतर ही मुभा फक्त फी भरू शकणाऱ्यांची होऊन बसते. माझी भाची इंग्लंडात असते, तिची मुलगी ऑगस्टची. तिकडे मुलं चार पूर्ण झाल्यावरच्या सप्टेंबरात शाळेत जातात पण सक्ती पाचनंतर, आणि १ एप्रिल ते ३१ ऑगस्टच्या मुलांचे आईबाप वर्षभर उशिरा रिसेप्शनमध्ये, म्हणजे तिकडच्या शाळेच्या पहिल्या वर्गात, घ्या म्हणून अर्ज करू शकतात. तिने केला, मंजूर झाला. पण ते वर्षभर नर्सरी होती म्हणून जमलं, हे तीच सांगते.

जाऊबाईंच्या मुलीचं म्हणशील तर तिला खुशाल जाऊ दे. ती ऑक्टोबरची असली तरी तयार असेल, तिला लिहायला आवडत असेल, मग तिला थांबवण्यात काही अर्थ नाही, उलट कंटाळेल. दोघांची गाठ घालूच नका. तू सासूबाईंपुढे “तो कच्चा आहे” असा शब्द पण वापरू नकोस, तो शब्द घरात एकदा रुजला की पोराच्या कानावर जातोच आणि मग तेच त्याचं नाव होतं. “त्याला २०२७ ला घालायचं ठरवलंय” एवढंच म्हण, ठरवलंय म्हटल्यावर चर्चा कमी होते.

मिळालेल्या वर्षाचं काय करायचं हे खरं महत्त्वाचं. तीच सिनिअर केजी, तीच टीचर, तेच पुस्तक, आणि पुढच्या खोलीत त्याचे जुने दोस्त पहिलीत, हे शक्यतो टाळ. त्याच शाळेत ठेवायचं असेल तर दुसरी तुकडी, दुसऱ्या बाई माग. जमलं तर घराजवळची एखादी साधी बालवाडी बघ जिथे माती, पाणी, गाणी आणि खूप खेळ आहे आणि लिखाण कमी. घरी चाररेघी वही बंद कर. कणकेचा गोळा दे, पोळ्या लाटू दे, वाटाणे सोलू दे, लसूण सोलू दे, कपडे वाळत घालताना चिमटे लावायचं काम त्याचं, झाडावर नाहीतर बागेतल्या लोखंडी बारला लोंबकळू दे. हे सगळं हाताचंच काम आहे, उद्या त्याच हाताने तो लिहिणार आहे. शर्टाची बटणं, चेन, बुटाचा पट्टा, डब्याचं झाकण आणि बाटलीचं टोपण, एवढं जूनपर्यंत नाही, पुढच्या जूनपर्यंत त्याचं त्याला यायला हवं. गोष्टी तर ऐकतोच, आता त्याच गोष्टी तुला परत सांगायला लाव. अंक-अक्षरं त्याने होऊन विचारली तर सांग, भिंतीवर खडूने मोठ्ठी काढू दे, पण मागे लागू नकोस.

त्याला काय सांगायचं हे तू विचारलं नाहीस पण तो विचारणार आहे. दोस्त पहिलीत गेले, मी का नाही? तेव्हा नापास, लहान, पुढच्या वर्षी शहाणा हो, यातलं काही नको. सरळ सांग, “तुझा वाढदिवस दिवाळीच्या आसपास येतो ना, तुझी पहिली पुढच्या वर्षी आहे.” मुलांना असं साधं कारण पुरतं. एक-दोन दिवस रडेल, त्याच्या दोन जवळच्या दोस्तांना रविवारी घरी खेळायला बोलाव, मैत्री काही वर्ग बदलला म्हणून तुटत नाही या वयात.

पुढे दहावी-बारावीला वर्षाने मोठा असेल याचं टेन्शन घेऊ नकोस. बारावी झाली की साडेअठराचा असेल, त्याच्या वर्गात तेवढीच अजून बरीच मुलं असतील.

आता अर्ज. फोनवर किंवा ग्रुपवर बोलून भागवू नकोस, नंतर “तुम्ही सीट सोडली” असं ऐकायला लागतं. मुख्याध्यापकांच्या नावाने कागदावर चार ओळी लिही: मुलाचं नाव, जन्मतारीख, सध्याचा वर्ग, २०२६-२७ मध्ये पहिलीला प्रवेश न घेता २०२७-२८ मध्ये घ्यायची आमची इच्छा आहे, त्याची जागा त्या वर्षासाठी धरावी, आणि दाखल्यावर किंवा रेकॉर्डला कुठेही ‘अनुत्तीर्ण’ किंवा ‘पुनःप्रवेश’ अशी नोंद होऊ नये. सही दोघांची, तुझी एकटीची नको. शाळा ऐकत नसेल तर आरटीईची वयाची चौकट छापून सोबत जोड आणि तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, महापालिका हद्दीत असाल तर पालिकेच्या शिक्षण विभागात, हाच अर्ज दे. झेरॉक्स बरोबर ने आणि तिच्यावर तारखेसकट शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नकोस.